हरीभाऊंच्या चाकूचा खिसा

आमच्या शेजारच्या हरीभाऊंना चाकू कुठे लावावा हे ठरवायला अख्खा हिवाळा लागला. लग्न त्यांनी एका दुपारीत ठरवलं होतं, असं ते स्वतःच सांगतात.

चाकू घडीचा, भाच्याने मस्कतहून आणलेला, वर पेनाला असते तशी क्लिप. मी वालीवच्या एका कारखान्यात लेथवर असतो, म्हणून लोखंडाचं सगळं मला कळतं असा हरीभाऊंचा समज. संध्याकाळी मी बूट काढायच्या आत ते दारात हजर. "हत्यार कसं, हातात यावं. हाताला शोधाया लागता नये," हे त्यांचं ब्रीदवाक्य.

जन्म गेला केळीच्या वाडीत. कोयता कमरेमागे आकडीला अडकवायची सवय, म्हणून चाकूही आधी मागेच लावला. तसेच शेअर रिक्षात बसले आणि उतरताना सीटचं कव्हर टराटरा फाडत उतरले. रिक्षावाला म्हणाला, "काका, माझ्या सीटने तुमचं काय घोडं मारलंय?" मग सदऱ्याचा खिसा. बावखलावर, म्हणजे गावच्या तळ्यावर, पाय धुवायला वाकले आणि चाकू बुडाला. दोरीला लोहचुंबक बांधून तो मीच काढला. मग इलॅस्टिकची हाफ पँट. चाकूने पँट घट्ट धरली, पँटने मात्र हरीभाऊंना धरायचं सोडलं. तेही मासळीबाजारात. तिथल्या बायका अजून माझ्याकडे त्यांची आपुलकीने चौकशी करतात.

"भाऊ, चिकूच कापायचा ना? घरात सुरी नाही का?" शेवटी मी विचारलं.

"घरात कोन खातंय? तिला भूक लागते ती रस्त्यात."

ती म्हणजे काकी, भाऊंची बायको. वर्षभरात काकींचं विसरणं फार वाढलंय. ताटाला हात लावत नाहीत. रोज संध्याकाळी अर्नाळ्याला माहेरी जायला म्हणून निघतात, आणि वाटेत बसवून फोडी हातात दिल्या तर काय ते पोटात जातं. एकदा खिसा चाचपायला भाऊंनी त्यांचा हात सोडला. तेवढ्यात काकी भर रस्त्यात, डंपरसमोर. ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला म्हणून निभावलं.

दुसऱ्या दिवशी भाऊ चाकू घेऊन आले. "ही क्लिप उलट्या अंगाला बसव. डाव्या खिशाला पायजे."

मी वैतागलो. "तुम्ही डावरे कधीपासून झालात?"

"उजव्या हातात ती असते," ते म्हणाले.

मी स्क्रू काढायला घेतले.

मग ओट्यावर बसून डाव्या हाताने चाकू उघडायचा सराव सुरू झाला. अंगठ्याला इतक्या पट्ट्या, की आमच्या सौ. म्हणाल्या, मलमाचं दुकानच काढा.

परवा नाक्यावरच्या बाकावर दोघं दिसली. चिकू बाकावर ठेवून भाऊंनी नुसत्या डाव्या हाताने चाकू काढला, उघडला, फोडी केल्या. ओबडधोबड, पण केल्या. मी कौतुक करायला जवळ गेलो.

काकींनी एक फोड खाल्ली आणि परक्या माणसाकडे पाहावं तसं भाऊंकडे पाहिलं. "आमचे हे येतील आता. त्यांना पन एक ठेवा हां."

भाऊंनी चाकू मिटून खिशाला लावला.

"ठेवतो," ते म्हणाले. एक फोड त्यांनी बाजूला काढून ठेवली. काकींचा हात काही सोडला नाही.