भोक सरकलेले नाणे

गुरुवारी संध्याकाळी पत्ते खेळायला निघण्यापूर्वी ओडिलोनने टेबलाचा खण उघडला. नाण्याचे पाकीट होते, पण पाकिटात नाणे नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात तांबे आणि निकेल तोफांच्या कामी लागले, तेव्हा बेल्जियमच्या वाट्याला जस्ताची करडी, मधोमध भोक असलेली नाणी आली. त्यातल्याच या हरवलेल्या नाण्याचे भोक टांकसाळीतच बाजूला सरकले होते. त्या वर्षांची सगळी धांदल त्या वाकड्या भोकात साठली आहे, असे ओडिलोनचे ठाम मत होते. "असं नाणं असूच शकत नाही," असे गेंट शहराच्या नाणेसंग्राहक मंडळाचे अध्यक्ष चारचौघांत म्हणाले होते, आणि ओडिलोननेही चारचौघांतच छाती ठोकून सांगितले होते की शनिवारी घेऊन येतो.

बायको, लुटगार्ड, चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला गेलेली. विचारायला कोणी नाही म्हटल्यावर संशय घेणे तेवढे उरले. मंगळवारी फिर्मिन बॉयलर दुरुस्त करायला आला होता आणि चांगला अर्धा तास या खोलीत एकटा होता. शाळेपासूनचा मित्र. घात करतात ते असलेच, असे मनाशी म्हणत ओडिलोन खेळाचा डबा काखेत मारून कॅफेकडे निघाला.

डब्यात चलनातून गेलेली भोकाची नाणी होती. गावचे पत्ते त्यांच्यावरच चालत. हरणाऱ्याने बिअर पाजायची, नाणी परत डब्यात जायची आणि डबा ओडिलोनच्या घरी.

कॅफेमालक झेरोमने नाणी वाटली. पोस्टातून निवृत्त झालेल्या गोडेलिव्हबाईंनी पत्ते पिसले. ओडिलोनने सहज समोर पाहिले, तर फिर्मिनच्या ढिगाऱ्यावर सगळ्यात वर ते वाकडे भोक. चोरीचा माल मालकासमोर मांडून बसला होता गडी.

"आज नवीन नाणी आणलीस वाटतं, फिर्मिन?"

"डबा तू आणलास. मी फक्त भूक आणलीये," चीजचा तुकडा मोहरीच्या चटणीत बुडवत फिर्मिन म्हणाला.

पास म्हणण्यात ज्याची हयात गेली, त्या ओडिलोनने त्या रात्री एकदम मोठी बोली लावली आणि डाव जिंकला. फिर्मिनने बाजूची नाणी सरकवली.

"ते वरचं दे की."

"का? यांना काय झालं?"

"काही नाही. ते जरा स्वच्छ दिसतंय."

फिर्मिनने नाणे उजेडात धरले. "याला तर भोकही धड नाही," असे म्हणून त्याने ते पार तळाशी ठेवून दिले.

आता अख्खा ढिगारा जिंकल्याशिवाय गत्यंतर नव्हते. ओडिलोन पिसाटासारखा बोल्या लावू लागला, आणि पत्तेही असे येऊ लागले की त्याचे त्यालाच नवल वाटावे. गोडेलिव्हबाईंनी आधी पत्त्यांचा जोड बदलायला लावला. मग चष्मा पुसला. मग म्हणाल्या, "ओडिलोन, बाह्या वर कर बघू."

त्याने केल्या. पुढचा डाव मात्र गोडेलिव्हबाईंनी मारला आणि फिर्मिनने तळाचे ते शेवटचे नाणे त्यांच्याकडे सरकवले. ओडिलोनचा हात आपसूक पुढे गेला. फिर्मिनने मनगट धरले.

"मला एकच हवंय," ओडिलोन कळवळून म्हणाला.

"एक काय न् दहा काय, चोरी ती चोरी," गोडेलिव्हबाई म्हणाल्या.

"चोरीचं बोलताय? मंगळवारी माझ्या खणापाशी एकटं कोण होतं, ते विचारा याला."

फिर्मिनने मनगट सोडले. "मी बॉयलरपाशी होतो," तो म्हणाला. "फुकटात."

गोडेलिव्हबाईंनी सगळी नाणी डब्यात भरली, झाकण लावले आणि डबा फिर्मिनपुढे ठेवला. आजपासून तो त्याच्याकडेच राहील, असे ठरले.

रिकाम्या काखेने चालताना अर्ध्या वाटेत ओडिलोनच्या डोक्यात प्रकाश पडला. तोंड मिटून बसला असता, तर नाणे नेहमीसारखे डब्यातून आपल्या पायाने घरी आले असते.

दारात लुटगार्ड उभी होती. "डबा कुठाय?"

"फिर्मिनकडे."

"अरे देवा. डब्यात एक नाणं कमी होतं, म्हणून तुझ्या खणातलं टाकलं होतं. भोक वाकडं होतं, म्हटलं बाद झालेलंच असेल. आज तालमीत ताईकडून हे चांगलं आणलं. आता बदलून ठेवणार होते."

शुक्रवारी ओडिलोन तांदळाची गोड टार्ट घेऊन फिर्मिनच्या दारी गेला आणि अथपासून इतिपर्यंत सगळे सांगून त्याने माफी मागितली. फिर्मिनने टार्ट आत नेली.

"नाणं तुझं, मान्य," तो म्हणाला. "पण तुझ्या हातात डबा देणार नाही. उद्या मीच घेऊन येतो गेंटला."

शनिवारी अध्यक्षांनी भिंगातून ते भोक बराच वेळ न्याहाळले. "नाणं खरं आहे," ते नाइलाजाने म्हणाले. मग त्यांनी डब्याकडे पाहिले, ओडिलोनकडे पाहिले. "पण असली वस्तू कोणी पत्त्यांच्या डब्यात ठेवतं? खरं सांगा, कुठून उचललंत?"

ओडिलोनने आशेने फिर्मिनकडे पाहिले. फिर्मिन सावकाश कोटाची बटणे लावत होता.

"मला काय ठाऊक," तो म्हणाला. "मी बॉयलरपाशी होतो."