वहिनींना समाजकार्य शिकवण्यात येते

दुसऱ्याचं भलं करणं ही मोठी जोखमीची गोष्ट आहे आणि ती न शिकलेल्या माणसांच्या हाती राहू देणं कोणत्याही सुधारलेल्या समाजाला परवडणारं नाही. दात उपटायला पदवी लागते, विजेची तार जोडायला परवाना लागतो. मग एखाद्या म्हाताऱ्याला 'जेवलात का?' असं विचारायला काहीच लागू नये, हा अंधेर नाही तर काय? इतकी वर्षं हा प्रश्न कोणीही उठावं आणि कोणालाही विचारावा, असं चाललं होतं. काहींना उत्तरंही मिळत होती. पण उत्तरांची नोंद कुठेच नव्हती, त्यामुळे ते म्हातारे खरोखर जेवले होते असं खात्रीने म्हणता येत नाही.

हा अंधेर दूर करण्यासाठी 'कार्यरत सेवक अर्धवेळ समाजकार्य शिक्षण साहाय्य योजना' निघाली. वस्तीतल्या संस्थांमध्ये राबणाऱ्या माणसांनी नोकरी सांभाळून दोन वर्षं समाजकार्य शिकावं आणि त्यांची फी योजनेने भरावी, असा तिचा उदात्त हेतू होता. (फी खरंच भरली जायची. हे कंसात लिहिलं असलं तरी खरं आहे.) सोबत एक छोटा नियमही आला: दोन वर्षांनंतर ज्यांच्याकडे पदविका असेल त्यांनीच संस्थेतर्फे लोकांच्या घरी जावं, बाकीच्यांनी कार्यालयात बसून अर्ज वाटावेत.

हा नियम वहिनींनी दोनदा वाचून घेतला.

वहिनी म्हणजे एका लाँड्रीच्या मागच्या बाजूला, दोन खोल्यांत चालणाऱ्या संस्थेच्या कर्मचारी. सगळी वस्ती त्यांना वहिनी म्हणायची. नेमक्या कुणाच्या, याची दफ्तरी नोंद नाही. गेली एकोणीस वर्षं त्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी जात होत्या. औषधं घेतली का बघायचं, दिवा लागतो का बघायचं, चार शब्द बोलायचे, दोन ऐकून घ्यायचे. या प्रकाराला 'गृहभेट' म्हणतात हे त्यांना अकराव्या वर्षी कळलं.

त्यांच्या यादीत एकूण सव्वीस म्हातारे होते. पंचवीस जण दार उघडून वाट बघत बसायचे. सव्विसावे घड्याळकाका. तिसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे, डावा पाय अधू, आयुष्य घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेलं. ते कुणालाही दार उघडायचे नाहीत. डॉक्टरला नाही, पुतण्याला नाही, संस्थेच्या कार्यवाहांना तर नाहीच नाही. वहिनींनी मात्र एक युक्ती शोधली होती. सोमवारी आणि गुरुवारी त्या दार वाजवायच्या आणि मोठ्याने चुकीची वेळ सांगायच्या.

"काका, साडेअकरा वाजले बरं का!"

आत शांतता. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मग काठी.

"अकरा सत्तावीस झालेत! डोळे फुटले का तुमचे?" आणि दार उघडायचं.

आता चुकीची वेळ सांगायला वहिनींच्या जागी कुणीतरी पदविकाधारक येणार, तो वेळ बरोबर सांगणार आणि काका काही दार उघडणार नाहीत, हे वहिनींना लख्ख दिसत होतं. म्हणून पन्नाशीला टेकलेल्या बाईने योजनेचा अर्ज भरला.

अर्ज सुटसुटीत होता, फक्त चौदा पानी. अर्जदाराला समाजकार्याचा किमान सात वर्षांचा अनुभव असावा. अर्जदाराला समाजकार्य येत नसावं. न येणारं काम सात वर्षं कसं केलं ते दोनशे शब्दांत लिहावं. शिवाय संस्थेच्या कार्यवाहांनी दाखला द्यायचा, की अर्जदार वर्गाला गेल्याने कामाचं नुकसान होणार नाही. इथे कार्यवाह पेचात पडले. नुकसान होईल म्हणावं तर अर्ज बाद. होणार नाही म्हणावं तर वरून पत्र येणार, की मग या बाईंना पगार कशाबद्दल देता? कार्यवाह मुरलेले होते. त्यांनी लिहिलं, "अर्जदाराच्या अनुपस्थितीत सदर काम होणारच नसल्याने त्याचे नुकसान संभवत नाही." दाखला मंजूर झाला. आजही तो नमुना म्हणून दाखवतात.

गुरुवारी आणि शनिवारी वर्ग सुरू झाले. गुरुवारच्या भेटींसाठी संस्थेने चोख पर्यायी व्यवस्था केली. कार्यालयातला लेखनिक यादीप्रमाणे दारोदार जाई, दार तीनदा वाजवी आणि उघडलं नाही तर फटीतून एक छापील कार्ड आत सरकवी: 'आपण घरी नसल्यामुळे भेट होऊ शकली नाही. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' तिमाही अहवालात गुरुवारच्या भेटी शंभर टक्के पूर्ण झाल्या. दार किती ठिकाणी उघडलं, हा रकाना तक्त्यात नव्हता.

इकडे वहिनी शिकत होत्या. आपण इतकी वर्षं ज्याला गप्पा मारणं समजत होतो ते 'सहानुभूतीपूर्ण श्रवण' असतं, आणि म्हातारी रडायला लागली की तिच्या पाठीवरून हात फिरवणं हे 'सीमारेषांचं उल्लंघन' असतं, हे त्यांना कळलं. घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर एका बाजूला भाजी चिरायची, दुसऱ्या बाजूला पुस्तक. नवरा बस चालवायचा. संध्याकाळी आला की तो प्रश्न विचारायला बसे.

"गरज म्हणजे काय? पाच प्रकार सांग."

"तुला आत्ता चहाची आहे, हा एक."

"पुस्तकात नाही तो." नवऱ्याने पान उलटलं. "बाई गं, उद्या मला कुणी म्हणालं ना, स्टेअरिंगची व्याख्या लिही, तर मी बस सरळ खड्ड्यात घालीन."

"तुझी बस कुणी काढून घेत नाहीये," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज असा काही झाला की नवऱ्याने उठून स्वतःच चहा टाकला.

दुसऱ्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याने एका लाभार्थ्यावर तपशीलवार अहवाल लिहायचा होता. वहिनींनी घड्याळकाकांवर लिहिला. तिसरा मजला, डावा पाय, दाराची तऱ्हा, सगळं मन लावून लिहिलं. चुकीच्या वेळेचं काय करायचं, यावर त्या दोन दिवस अडल्या होत्या. शेवटी लेकीने शब्द शोधून दिले: 'हेतुपुरस्सर सदोष माहितीद्वारे लाभार्थ्याचा सहभाग मिळवणे.' प्राध्यापिकाबाईंनी समासात तांबड्या शाईने लिहिलं, 'कार्यकर्त्याने लाभार्थ्याशी खोटे बोलू नये. बाकी प्रकरण फार सुंदर.'

प्रकरण इतकं सुंदर होतं की ते वाया जाऊ नये असं सगळ्यांनाच वाटलं.

अंतिम परीक्षेआधी अकरा दिवसांची अभ्यासरजा होती. ती सक्तीची होती; रजेत कुणी चोरून काम केल्याचं आढळल्यास भरलेली फी वसूल करण्यात येईल, असं योजनेत स्पष्ट होतं. (पूर्वी एका बाईंनी रजेत एका आजारी शेजारणीला दवाखान्यात नेल्याचं उघडकीस आलं होतं.) तेव्हा अकरा दिवस वहिनी घरात बसल्या. भेटी लेखनिकाकडे, कार्डांचा नवा गठ्ठा छापून तयार.

परीक्षा गुरुवारी होती. वहिनींनी पहिले तीन प्रश्न झरझर सोडवले. गरजेचे पाच प्रकार लिहिले, सहावा स्वतःच्या पदरचा घातला. मग पान उलटलं.

'प्रश्न ४. एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकटे राहणारे, डावा पाय अधू असलेले व व्यवसायाने घड्याळदुरुस्ती करणारे एक ज्येष्ठ नागरिक (गोपनीयतेस्तव नाव दिलेले नाही) दोन दिवसांपासून दार उघडत नाहीत. कार्यकर्ता म्हणून आपली भूमिका सविस्तर विशद करा. (१५ गुण)'

वहिनींनी प्रश्न पुन्हा वाचला आणि त्या घाबरल्या.

वास्तविक यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. प्रश्न जीवनाशी निगडित असावेत असं अभ्यास मंडळाचं धोरण होतं. परीक्षकांनी चांगलासा अहवाल निवडून, नाव गाळून, प्रश्नाला जरा धार यावी म्हणून 'दोन दिवसांपासून' हे शब्द पदरचे घातले होते. प्रश्नपत्रिका महिन्यापूर्वीच छापून झाली होती. हे सगळं वहिनींना शांतपणे विचार केला असता तर सुचलं असतं. पण त्या शांतपणे विचार करायला अजून शिकल्या नव्हत्या. तो भाग चौथ्या प्रश्नाच्या गुणांत मोडत होता. त्यांनी उत्तरपत्रिकेत तीन शब्द लिहिले, 'आधी जाऊन बघते', आणि उठल्या.

पर्यवेक्षक धावत आले. "अहो बाई, कुठे निघालात? अजून सव्वा तास आहे."

"हे काका माझे आहेत. दार उघडत नाहीयेत म्हणे."

"अहो, ते काल्पनिक आहे!"

"काल्पनिक कसं? पाय डावाच आहे."

"बाई, एकदा बाहेर गेलात तर परत आत घेता येणार नाही. नियम आहे."

वहिनी क्षणभर उभ्या राहिल्या. दोन वर्षं. भाजी चिरताना पाठ केलेली पुस्तकं. हा पेपर गेला तर उद्यापासून अर्ज वाटायचे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही. "मग नका घेऊ," त्या म्हणाल्या आणि मिळेल ती बस पकडून गेल्या.

तिसऱ्या मजल्यावर दार बंद होतं. वहिनींनी जोरजोरात वाजवलं. आत शांतता. खुर्ची नाही, काठी नाही. वहिनींनी मनगटावर बघितलं. एक वाजून दहा मिनिटं.

"काका!" त्या ओरडल्या, आणि आवाज फाटला. "काका, तीन वाजले हो!"

बराच वेळ काही नाही. मग खालून, जमिनीलगत, अगदी बारीक आवाज आला.

"एक... दहा... गाढव कुठली!"

वहिनी तिथेच दाराला टेकून रडायला लागल्या. मग खालच्या मजल्यावरच्या सुताराला हाक मारली. तो पटाशी घेऊन आला आणि चार मिनिटांत कडी काढली. काका दाराजवळच्या पलंगाशेजारी फरशीवर पडले होते. आदल्या संध्याकाळी पाय घसरला होता. म्हणजे परीक्षकांचा अंदाज जेमतेम एका दिवसाने चुकला होता. हातात चमचा होता. रात्रभर त्यांनी तो फरशीवर ठोकला होता.

"मला ऐकू येत होतं," सुतार प्रामाणिकपणे म्हणाला. "मला वाटलं काका घड्याळाचं काहीतरी ठोकतायत. म्हटलं, कशाला उगाच माणसाच्या कामात लुडबुड." समोरच्या घरातल्या काकूंनाही ऐकू आलं होतं, पण यांच्याकडे संस्थेचं माणूस येतं हे त्यांना माहीत होतं, आणि खरोखरच सकाळी येऊन गेलं होतं. कार्ड काकांच्या हाताजवळच पडलं होतं.

"वाचा," काका वहिनींना म्हणाले. "मी घरी नाही म्हणे!"

मांडीचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात सव्वा महिना गेला. काका वाचले, आणि तिथल्या भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे असल्याची लेखी तक्रार करण्याइतके बरे झाले.

वहिनी नापास झाल्या. चौथ्या प्रश्नाचं आदर्श उत्तर सहा टप्प्यांचं होतं: माहिती संकलन, प्राधान्यक्रम, संबंधित यंत्रणांशी पत्रव्यवहार, शेजाऱ्यांचा सहभाग, आढावा बैठक आणि सहावा, 'आवश्यक वाटल्यास गृहभेट'. वहिनींनी सहावा टप्पा तेवढा पहिला घेतला. त्याबद्दल त्यांना पंधरापैकी दोन गुण उदारपणे देण्यात आले. आता त्या अर्ज वाटण्याच्या टेबलावर बसतात. योजनेच्या वार्षिक अहवालात त्यांचा उल्लेख 'अंशतः लाभान्वित' असा आहे.

सोमवारी आणि गुरुवारी कार्यालय सुटलं की मात्र त्या घड्याळकाकांकडे जातात, चुकीची वेळ सांगतात आणि शिव्या खातात. ही गोष्ट कार्यवाहांच्या कानावर गेली तेव्हा ते पुन्हा पेचात पडले. संस्थेतर्फे जायला पदविका हवी, हे ठीक. पण कार्यालय सुटल्यावर, कोणाहीतर्फे न जाता, एका माणसाने दुसऱ्या माणसाचं दार नुसतं वाजवावं की नाही, याबाबत नियमांत काहीच सापडेना. इमारतीतल्या रहिवाशांनाही विचारून पाहिलं. त्यांनी अशी वेळ आपल्यावर कधी आली नसल्याचं एकमुखाने सांगितलं. अखेर वरिष्ठांकडून मार्गदर्शन मागवलं आहे.

ते येईपर्यंत कोणीही परस्पर शेजारचं दार वाजवू नये, अशी सर्व वाचकांना विनंती करायची होती. पण तुमच्याकडून तशी काही धास्ती नसल्याचं आढळल्यामुळे ती करण्यात आलेली नाही.