घडी घालू नये

जगातल्या निम्म्या गोष्टी घडीवर चालतात. संसाराची घडी बसते, कारभाराची घडी विस्कटते, आणि चादरीची घडी आमच्या घरात फक्त वहिनींनाच जमते. म्हणूनच आमच्या संशोधन संस्थेच्या प्रत्येक अर्जावर ठळक अक्षरांत छापलेलं असतं : 'घडी घालू नये.' (हे वाक्य कोणी आणि का घातलं याची नोंद सापडत नाही, त्यामुळेच ते बदलताही येत नाही.) या वाक्याचा राखणदार म्हणून मी आवक टेबलावर एकोणीस वर्षं बसलो आहे.

अशा संस्थेत प्रथिनांच्या बाई रुजू झाल्या. त्यांचं म्हणणं असं, की प्रथिन म्हणजे एक लांबलचक साखळी. ती शरीरात आपली आपण दुमडते आणि घडी जशी पडेल तसं काम करते. घडी चुकली की माणूस आजारी. पण चुकलेली घडी नेमकी कशी दिसते ते कळलं, तर तिच्या खाचेत किल्लीसारखं बसणारं औषध घडवता येतं. हजार गोळ्या चाचपडत करून बघण्यापेक्षा हे बरं. मला ते मनापासून पटलं. माझ्या थोरल्या भावाचे हात थरथरतात ते मेंदूतल्या अशाच एका बिघडलेल्या प्रथिनापायी, आणि बाई नेमक्या त्याच प्रथिनाच्या मागे लागल्या होत्या.

नाकी नऊ येईपर्यंत खपून त्यांनी त्या प्रथिनाचे स्फटिक वाढवले. ते टिकणार नऊ दिवस. तेवढ्यात क्ष-किरणांच्या यंत्रात ठेवून त्यांचं चित्र काढायचं. त्यासाठी परवानगीचा अर्ज आला. विषय : 'प्रथिनाच्या घडीचा अभ्यास.'

मी तो अदबीनं परत केला. "बाई, वर काय छापलंय? घडी घालू नये."

"अहो साहेब, ती मी नाही घालत. आपोआप पडते!"

"मग तिला अर्ज करायला सांगा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी 'घडी' खोडून 'आकार' लिहिलं. लेखा विभागानं विचारलं, आकार कोणत्या दरानं? (दोन दिवस.) मग त्यांनी 'रचना' लिहिलं. अर्ज बांधकाम विभागात गेला, तिथला माणूस टेप घेऊन आला आणि स्फटिकांच्या कुपीची लांबी-रुंदी घेऊन गेला. (आणखी दोन.)

आठव्या दिवशी अकरा सदस्यांची समिती बसली; कागदपत्रं घेऊन मीही हजर होतो. पाच जणांना प्रथिन म्हणजे डाळ आणि अंडी वाटत होतं, तिघांना व्यायामशाळेतली भुकटी, दोघांना काहीच वाटत नव्हतं, आणि अध्यक्षांना टेबल डुगडुगतंय असं वाटत होतं. शास्त्रीय निकषावर अध्यक्षांचंच निरीक्षण अचूक ठरलं.

"बघा हो काहीतरी," ते मला म्हणाले.

मी हाताला लागलेला जाडसर कागद चौपदरी करून टेबलाच्या पायाखाली सारला. टेबल स्थिरावलं. सर्वांनी माझं कौतुक केलं. मग अध्यक्षांनी बाईंचा अर्ज मागितला. शोधाशोध झाली आणि तो पायाखालून निघाला. घडी पडलेली असल्यामुळे तो एकमतानं फेटाळण्यात आला आणि पुन्हा पायाखाली ठेवण्यात आला.

दहाव्या दिवशी बाईंनी माझ्यासमोर कुपी ठेवली. आत नुसतं पाणी होतं. मला वाईट वाटलं, अगदी खरंच वाटलं. पण आवक नोंदवहीत तसा रकाना नाही.

संध्याकाळी दादा दोन्ही हातांनी कप धरून चहा पीत होता. वहिनींनी विचारलं, "भावोजी, त्या बाईंचं काय झालं हो पुढे?"

"थरथर थांबली, वहिनी."

"अगंबाई! खरंच?"

"टेबलाची."

दादानं कप बशीत ठेवायला घेतला. तिसऱ्या खेपेला जमलं.

वाचकहो, आपण हसत असाल. पण हे वाचेपर्यंत आपल्या अंगात असंख्य प्रथिनांनी कोणालाही न विचारता घड्या घातल्या आहेत. हे सरळसरळ नियमबाह्य आहे. त्यातली एखादी चुकली, तर आपल्याला यावं लागेल ते आमच्याकडेच. जरूर या. हात थरथरत असले तरी चालेल. फक्त अर्जाला घडी पडता कामा नये.