दोन वडांच्या मधून

रविवारी गाडी बाहेर काढताना वार्सितोचा बेत साधा होता. सोलोहून आलेल्या होणाऱ्या विहीणबाईंना राजवाडा दाखवायचा, बागेतून फिरवून आणायचं आणि परतेपर्यंत लेकीच्या, सेकारच्या, लग्नाची तारीख पदरात पाडून घ्यायची.

राजवाडा झाला, पाण्याची बाग झाली, तरी सुहार्तीबाई तारखेचं नाव काढीनात. सकाळी खाल्लेल्या फणसाच्या गुदेगचं कौतुक मात्र त्यांच्या तोंडून थांबत नव्हतं.

"सेकारनंच केलं ना?"

"पहाटे चारला उठली बिचारी," वार्सितो समोरच्या काचेकडे बघत म्हणाला. गुदेग कोपऱ्यावरच्या दुकानातलं होतं. मागच्या सीटवर त्याच्या बायकोला ठसका लागला.

"आमचा बायुही पहाटेच उठतो हो! जोडा छान जमला."

गाडी दक्षिणेच्या मैदानाशी आली आणि बाईंना ते दोन वड दिसले. तिथली जुनी समजूत अशी, की डोळे बांधून त्यांच्या मधून चालायचं. मन स्वच्छ असेल तो सरळ पार होतो, बाकीचे भरकटतात.

"चला व्याही, आधी तुम्ही!"

"माझे गुडघे जरा..."

"गुडघ्यांना कोण विचारतंय? मनाचं काम आहे."

आता नाही म्हणणं म्हणजे कबुलीच होती. वार्सितोनं काळी पट्टी बांधून घेतली. दहा पावलं नीट पडली. मग त्याला गुदेग आठवलं आणि पाय डावीकडे ओढ घेऊ लागले. त्यानं अंग उजवीकडे रेटलं, तर एक सायकल घंटी वाजवत अंगावर आली.

"अहो, वड तिकडे राहिले!" बायको ओरडली.

शेवटी त्याचा गुडघा बाकावर आपटला. पट्टी काढली, तर तो मैदानाच्या कडेला, आल्याचा काढा विकणाऱ्या गाड्यापाशी होता. लोक पोट धरून हसत होते. संपलं सगळं, त्याला वाटलं. पोरीचं लग्न आपण आपल्याच पायांनी मोडलं. त्याला रडू फुटायचंच बाकी होतं. एक काढा मागवून तो डोकं धरून बसला.

एवढ्यात बाकावर आणखी कुणीतरी आदळलं. डोळे बांधलेल्या सुहार्तीबाई होत्या.

"बसा, विहीणबाई."

पट्टी सोडून त्यांनी लांबच्या वडांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"गुदेग?" त्यांनी हळूच विचारलं.

"विकतचं."

"बायु अकराच्या आत उठत नाही."

वार्सितोनं आणखी एक पेला मागवला.

"ते दुकान किती वाजेपर्यंत असतं?"

"तीनपर्यंत."

"मग पोरं उपाशी नाही मरायची," बाईंनी काढ्यावर फुंकर घातली. "तारीख ठरवून टाकू. फक्त मुहूर्त दुपारचा बघा."