ढवळेसाहेबांचा पितळी बिल्ला

ढवळेसाहेबांच्या हातात तुम्ही काहीही ठेवलंत, अगदी प्रसादाचा पेढा ठेवलात, तरी ते आधी तो उजेडात धरून फिरवून बघतात आणि मग निकाल देतात. "पास" क्वचित. बहुधा "रिजेक्ट!" खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात, तपासणी खात्यात त्यांची सगळी नोकरी झाली. तिथे अशी नजर लागत असेल, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण निवृत्त होऊन विश्रांतवाडीत राहणाऱ्या माणसाने शेजाऱ्याचा चहा तपासू नये. माझ्या घरचा पहिला चहा त्यांनी अर्धा पिऊन रिजेक्ट केला आणि मग उरलेला अर्धाही पिऊन गेले.

मी बँकेतला निवृत्त कॅशियर. तीन वर्षांपूर्वी या सोसायटीत फ्लॅट घेतला तेव्हा एजंट म्हणाला होता, समोर एकटेच विधुर गृहस्थ असतात, अगदी शांतता. त्या एजंटला मी अजून शोधतो आहे.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी बेल वाजली. दारात ढवळे, हातात पितळेची एक चकती.

"साने, हे आपल्या गल्लीचं चलन. दहा रुपये द्या, एक बिल्ला घ्या."

"आणि याचं करायचं काय?"

"गल्लीत खर्च करायचा. शिंपी, सलून, भाजीवाली, शेवंताबाईंची गिरणी. शिंप्याने याच बिल्ल्यावर दाढी करून घ्यायची, सलूनवाल्याने भाजी घ्यायची, भाजीवालीने दळण आणायचं. तुमचा पैसा मॉलमध्ये गेला की तो परत तुमचं तोंड बघत नाही. बिल्ला इथल्या इथे फिरतो."

"अहो, रुपयाही चालतोच की या गल्लीत."

"रुपया कुठेही चालतो, हाच त्याचा दोष."

आयुष्यभर नोटा मोजलेल्या माणसाला हे ऐकवायचं! तरीही मी चार बिल्ले घेतले, कारण दार लावता यावं एवढीच माझी इच्छा होती.

सगळ्या खटाटोपाचं मूळ ती गिरणी होती. आमच्या सोसायटीत आता दळण कोणी नेत नाही. मोबाइलवर बोट ठेवलं की दहा मिनिटांत पिशवीतलं पीठ दारात येतं. शेवंताबाईंनी सांगून टाकलं होतं, दिवाळीपर्यंत गिऱ्हाईक वाढलं नाही तर गिरणी बंद, गाळा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला. तेव्हापासून ढवळ्यांना एकच धोशा. "गिरणी बंद पडता कामा नये." लिफ्टमध्ये तेच, सोसायटीच्या मीटिंगमध्ये तेच. पार्किंगच्या चर्चेतही त्यांनी गिरणी आणली. मला वाटलं, रिकामपण माणसाला काय काय करायला लावतं.

वरच्या मजल्यावरची आयटीतली मुलगी त्यांना म्हणाली, "काका, क्यूआर कोड करा ना, सो मच इझी!"

"क्यूआरने काय होतं? डबा ओरडतो, पैसे मिळाले म्हणून. दुकानदार मान वर करत नाही, गिऱ्हाईक तोंड उघडत नाही. रिजेक्ट!"

योजना बुडवली मात्र त्यांनी स्वतःच. ज्या दुकानदाराला बिल्ले नकोत, त्याने रविवारी ते ढवळ्यांना देऊन रुपये घ्यायचे, असं ठरलं होतं. पहिल्याच रविवारी साहेब मापं आणि भिंग घेऊन बसले. सलूनवाल्याचा बिल्ला त्यांनी फिरवून फिरवून बघितला. "कडेला ओरखडा आहे. रिजेक्ट."

"साहेब, पण बनवलाय तुम्हीच ना!"

"तेव्हा पास होता."

स्वतःचंच चलन स्वतःच नाकारणारा माणूस मी बँकेच्या उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. गणपतीपर्यंत शिंपी सुटला, सलूनवाला सुटला, भाजीवालीने बिल्ला वजनाच्या काट्याखाली टेकू म्हणून लावला. घेणाऱ्या उरल्या एकट्या शेवंताबाई.

ढवळे मात्र दर रविवारी डबाभर ज्वारी घेऊन गिरणीत. एकटा माणूस, खाणार दोन भाकरी. उरलेलं पीठ पिशव्या भरून आमच्या दारांवर. आमच्याकडे त्या पिठात किडे झाले. आणि तो डबा! पोचे आलेला, गंजलेला, झाकण सुतळीने बांधलेलं. जिन्यात पिठाची रेघ दिसली की साहेब घरी आल्याचं कळायचं. एकदा मी म्हणालोच, "साहेब, हा डबा तुमच्या तपासणीतून सुटला वाटतं!" डबा छातीशी धरून आत गेले.

दिवाळी तोंडावर आली तसे सौभाग्यवतींनी माझ्या हातात गव्हाची पिशवी आणि ते चार बिल्ले ठेवले. "एकदाचे संपवून या."

रविवारी सकाळी गेलो. गिरणी घरघरत होती. बाकाच्या टोकाला ढवळे, इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. मी मनात म्हटलं, दळणाला निघालाय की लग्नाला? गिरणी थांबली. भुवयांपर्यंत पांढऱ्या झालेल्या शेवंताबाईंनी डब्याला झाकण लावलं आणि खणखणीत आवाजात हाक दिली, "विमलताई ढवळे! झालं हो दळण!"

मी मागे वळून बघितलं. मागे कोणीच नव्हतं. ढवळे उठले. "आलो, आलो," म्हणाले, आणि तो आवाज मी तीन वर्षांत ऐकला नव्हता. डब्याच्या झाकणावर जुन्या ऑइलपेंटची अक्षरं होती, विमल ढवळे.

ते गेल्यावर मी शेवंताबाईंना विचारलं.

"डब्यावर जे नाव हाय तेच घ्यायचं, आपली रीत हाय. ताई गेल्यावर म्या एकदा साहेबांचं नाव घेतलं. तर उठलंच न्हाईत. बसून ऱ्हायले तसंच."

मला फार वाईट वाटलं. ढवळ्यांच्या गेलेल्या पत्नीच्या नावाने मोठ्याने हाक मारणारी सबंध विश्रांतवाडीत ही एकच जागा उरली होती. तीही कव्हरवाल्याकडे जाणार होती. म्हणून या माणसाने पितळ कापलं होतं.

घरी येऊन मी माळ्यावरचा स्टीलचा डबा काढला, रंग आणि ब्रश घेऊन बसलो आणि झाकणावर सौभाग्यवतींचं नाव लिहिलं.

"माझं कशाला? दळण आणायला तुम्हीच जाणार ना?"

"म्हणूनच," मी म्हणालो.

पुढच्या रविवारी गिरणीत ढवळ्यांनी माझा डबा मांडीवर घेतला, उजेडात धरून फिरवला. अक्षरं वाकडी होती, रंग ओघळला होता. मी निकालाची वाट बघत राहिलो. त्यांनी ते नाव दोनदा वाचलं, झाकण बोटाने पुसलं आणि डबा रांगेत स्वतःच्या डब्याशेजारी नेऊन ठेवला.