झिंगूच्या गाडीतला संशयित कार्बोरेटर

"पोलिसाले चोर सापडते, डॉक्टरले रोग सापडते, अन् मले दोन्ही सापडते," असं दसरूभाऊ स्वतःबद्दल सांगत, तेही कुणी विचारलेलं नसताना. एटापल्लीतल्या त्यांच्या गॅरेजच्या पाटीवर 'वाहन गुन्हे अन्वेषण' असं लिहिलं होतं. पंक्चरही काढून मिळे, पण आधी जबाब द्यावा लागे.

झिंगूचे जबाब देऊन झाले होते. त्याची गाडी गॅरेजात झकास चाले आणि मुलगी बघायला निघाली की जंगलाच्या मधोमध मान टाकी. दोनदा तो पोचलाच नाही. आता मुलीच्या बापाने, पोचूभाऊने, शेवटचा निरोप धाडला होता: उद्या दुपारपर्यंत ये, नाहीतर स्थळ मोडलं समज. त्या मुलीला, सरिताला, बाजारात पाहिल्यापासून झिंगूला दुसरं काही सुचत नव्हतं.

"आरोपी हा हाय," दसरूभाऊंनी कार्बोरेटर तळहातावर तोलला. "कंपनीचा नाई, डुप्लिकेट. हलका. अंग खरबरीत." मग त्यातला जेट, म्हणजे पेट्रोलची बारकी पितळी तोटी, त्यांनी जिभेवर ठेवून पाहिला. "पितळेत खोट हाय."

"पण भाऊ, तुम्हीच तं बसवला."

"म्हणून तं खात्रीनं सांगून राह्यलो."

त्यांनी कार्बोरेटर खोलला, धुतला, सुई-गॅस्केट नवं घालून बांधला. टाकीचं झाकण उघडून पेट्रोल ओतलं आणि किक मारली. गाडी चालू झाली. तपास संपल्याचं त्यांनी जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी ते पुरावा म्हणून मागच्या सीटवर बसले. जंगलाच्या मधोमध गाडीने मान टाकली.

"इथी ऑक्सिजन जास्त हाय," दसरूभाऊ हवा हुंगत म्हणाले. "डुप्लिकेट मालाले इतकी चांगली हवा पचत नाई. नाईतर वाघाचा वास आला असन गाडीले."

"मंग आपण इथी काऊन उभे आहो?"

यावर विचार चालू असतानाच समोरून सरिता मोटारसायकल चालवत आली. मागे पोचूभाऊ बसले होते. दुपार टळली म्हणून बापलेक एटापल्लीला नकार कळवायला निघाली होती. झिंगूला रडू फुटायचं बाकी होतं.

"पेट्रोल तरी हाय का?" म्हणत सरिताने टाकीचं झाकण उघडलं. टाकीने सूंऽ करून हवा ओढली. तिने झाकण उलटंसुलटं करून पाहिलं. त्याच्या बारक्या भोकात कुंकू आणि तांदळाचं पीठ वाळून दगड झालं होतं.

"दसऱ्याले गाडीची पूजा कोणं केली?"

झिंगूने दसरूभाऊंकडे पाहिलं.

"आपल्या हातचा टिळा," दसरूभाऊ अभिमानाने म्हणाले, "पावसातबी निघत नाई."

"टाकीत हवाच नाई गेली तं पेट्रोल खाली येईन कसं? झाकण उघडलं का चालू होते, बसवलं का थोड्या वेळानं बंद पडते. कारबेटर चांगलाच हाय तुमचा." सरिताने केसांतली पिन काढून भोक मोकळं केलं आणि किक मारली. गाडी चालू झाली.

"हवेचा मामला हाय, हे मी कवाचा सांगून राह्यलो," दसरूभाऊ म्हणाले.

पोचूभाऊंनी लेकीला विचारलं, "मंग? नकार कळवाचा?"

"तो येतच होता, बाबा. दर खेपेले." ती झिंगूच्या गाडीवर पुढे बसली आणि वळून म्हणाली, "बस मागं."

झिंगू बसला.