गुंफाबाईंची मंजुरी

समोरच्या घरातल्या गुंफाबाई पुस्तक परत द्यायला आल्या, की ते आधी माझ्या टेबलावर आपटायचं आणि मग निकाल लागायचा.

"नामंजूर! एवढं जाड पुस्तक, गुर्जी, अन् एक मानूस जेवला नाही!"

तेलुगू मुलखातल्या बेल्याच्या मंडल कचेरीत कारकुनी करून बाई निवृत्त झाल्या होत्या. नवरा गेल्यापासून घरात एकट्याच. मंजूर आणि नामंजूर याखेरीज तिसरा शेरा त्यांना ठाऊक नव्हता. मी तिथल्या शाळेत मराठी शिकवायचो. सरकारकडून यायची ती तेलुगू पुस्तकं. मराठी पुस्तकं मी पैनगंगेपलीकडून पिशवी भरून आणायचो. पहिला हक्क बाईंचा.

एका कादंबरीतली नायिका विरहात झुरून मेली. मी तर वाचताना डोळे पुसले होते. बाई म्हणाल्या, "मरंल नाही त काय? पयल्या पानापासून नुसत्या चहावर ठेवली तिले!"

ऐतिहासिक कादंबरीचंही तेच. "एवढी फौज गडावर चढवली, अन् भाकरी कोन थापून राह्यलं, थे काई सांगत नाही."

एक रहस्यकथा मात्र झटक्यात पास झाली. "फौजदार पंचनामा सोडून भरीत-भाकर खाते! खुनी सापडला नसता तरी चाललं असतं. मंजूर!"

अशा बाईंच्या हाती मी माझी पहिली कादंबरी दिली. प्रकाशकाकडे पाठवण्याआधी मला त्यांची मंजुरी हवी होती, आणि मी काही कच्च्या गुरूचा चेला नव्हतो. लग्नाची पंगत, शेतातला हुरडा, अंबाडीची भाजी, सगळं ठासून भरलं होतं. तरी आठवडा गेला, बाई फिरकल्या नाहीत. माझा धीर सुटला. एका दुपारी त्यांच्याच घरी गेलो.

बाई जेवत होत्या. ताटासमोर तांब्याला टेकवून माझं हस्तलिखित उघडं ठेवलेलं.

"नामंजूर," त्या म्हणाल्या. "सारं गाव जेववलं तुमी. मंग शेवटी त्या म्हातारीले एकटीले काऊन बसवलं जेवाले?"

"तिच्या घरात कोणीच नाही, बाई. कोणाबरोबर जेवणार?"

"पुस्तक ठेवाव न समोर." त्या भाकरीचा तुकडा नुसताच मोडत राहिल्या. "त्यातले लोक जेवाले बसले, का मलेबी दोन घास जातात."

मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं मी समोरच राहत होतो आणि माझ्या खोलीत एकटाच जेवत होतो.

"मलाही वाढा, बाई," मी म्हणालो.

बाई चटकन उठल्या. हस्तलिखित मिटून फळीवर ठेवलं आणि दुसरं ताट घेतलं.

"शेवटचं पान दुरुस्त करा," वाढता वाढता त्या म्हणाल्या. "म्हातारीकडं कोनीतरी पाठवा जेवाले. शाळेतला मास्तर पाठवा."

"मग मंजूर?"

"आधी भाकर घ्या. थंडी होऊन राह्यली."